जासईवर बसू नका

आमच्या मजल्यावर कुणी नवखा माणूस लिफ्टमधून बाहेर आला आणि बाकावर जरा टेकला, की समोरचं दार उघडून साळवेकाका ओरडतात, "अहो, जासईवर काय बसलात! खिळा आहे तिथे. पनवेलवर बसा!"

माणूस दचकून उठतो. माझे मेहुणे तर जिन्यानं खालीच निघाले होते, त्यांना हाताला धरून परत आणलं.

याकोब साळवे हे माझे शेजारी. तळोज्याच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मार्थाकाकू देवाघरी. घरात हे एकटे आणि पॅसेजमध्ये यांचे चार बाक.

त्याचं असं आहे, की पनवेलच्या वेशीबाहेर, खाडीच्या नि डोंगराच्या कडेकडेनं ज्या छोट्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांचा मिळून एक संघ आहे. त्या संघाचा इतिहास सांगायचा मक्ता काकांकडे. कुणी दिला नाही, यांनीच घेतला. लिहीत मात्र एक अक्षर नाहीत. "कागदाला वाळवी लागते," म्हणतात. लाकडाला काय लागतं, हे त्यांना विचारायची माझी छाती नाही. या मंडळ्या सारख्या जागा बदलायच्या, आणि जागा बदलली की तिथला जुना बाक काका उचलून आणायचे. पाहुणा हाती लागला रे लागला, की म्हणणार, "इतिहास उभ्यानं कळत नाही. बसा."

आणि बसलात की मेलात!

पनवेल म्हणजे सागवानी बाक, सगळ्यांत जुना. पहिला प्रचारक सायकलवरून गावोगाव फिरून यायचा आणि यावर पाठ टेकायचा म्हणे. जासईची मंडळी आंब्याखाली ताडपत्री बांधून बसायची. मग बंदराचे कंटेनर आले, मंडळी मागे सरकली. आणखी कंटेनर आले, आणखी मागे. "इस्राएल लोक रानात भटकले ना, बाई, तसे आमचे लोक कंटेनरच्या रानात भटकले!"

चिरनेरच्या बाकावर बसलं की फुटीचं प्रकरण. होय, संघ एकदा फुटला होता. मला वाटलं काहीतरी बाप्तिस्म्याचं वगैरे खोल भांडण असेल. कसलं काय, चहावरून! चिरनेरची माणसं पहाटे निघून यायची, त्यांना उपासनेआधी चहा हवा. पनवेलकर म्हणाले, आधी प्रभू, मग चहा. झाले दोन संघ, दोन अध्यक्ष आणि दोन किटल्या.

"मग मिटलं कसं?" मी विचारलं.

"पनवेलच्या अध्यक्षांची मुलगी चिरनेरच्या अध्यक्षांच्या घरात दिली. आता व्याह्याला बिनचहाचं कसं बसवणार?"

चौथा बाक तळोज्याचा. प्लायवूडचं ठिगळ, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. त्यावर मात्र काका कुणालाही बसवत नसत. विचारलं तर, "ते प्रकरण अजून चालू आहे," म्हणून विषय बदलायचे.

तर अशा या इतिहासाला नोटीस द्यायची पाळी माझ्यावर आली. सोसायटीची सेक्रेटरी मी, कारण लष्कराच्या भाकरी भाजायला दुसरं कुणी तयार नव्हतं. फायर ऑडिटवाले आले आणि म्हणाले, पॅसेज मोकळा करा. काकांच्या एका खोलीत पलंग, कपाट आणि फार तर एक बाक मावणार. तीन जाणार.

"शलमोन राजानं एका पोराचे दोन तुकडे करायला काढले होते," काका म्हणाले, "तुम्ही तर चारातली तीन पोरं मागताय."

चेष्टेत म्हणाले, पण नंतरचे काही दिवस त्यांनी कुणाला बसवलंच नाही. टेप घेऊन खोली मोजायची, बाहेर येऊन बाक मोजायचे, पुन्हा आत. मला अस्सा राग आला माझ्या सेक्रेटरीपणाचा!

मंडळ्यांनी आपापले बाक परत न्यायचे ठरले. टेम्पो आला. त्यात जासईची एक आजी आली होती, ती आल्या आल्या बाकावर बसली ती बसलीच. "ह्यो आमचा हाय. आमी आता उठनार नाय!" तिला बाकासकट टेम्पोत चढवावी लागली. खिळ्याचं तिनं नावसुद्धा काढलं नाही.

मग चिरनेर गेलं. आणि मागोमाग टेम्पोवाल्या पोरांनी चक्क सागवानी बाक उचलला.

"अहो काका, पनवेल चाललं!"

"जाऊ दे. त्यांचंच आहे."

"आणि हे लंगडं ठेवलंत?"

काकांनी बाकाचं एक टोक धरलं. आम्ही दोघांनी तो तळोज्याचा बाक ढकलत आत नेला, भिंतीशी लावला, पुठ्ठा सारखा केला. मग म्हणाले, "हा बायकांच्या बाजूचा. आमच्या मंडळीत पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये वाट. मार्था या टोकाला बसायची. इतकी वर्षं एका छपराखाली गायलो, पण शेजारी बसून एकदाही नाही. मी मान वळवली की उपदेश थांबवून पाळक बघायचे."

"मग?"

"मग ठरवलं होतं आम्ही. रिटायर झालो की पाळकांना सांगून एकदा शेजारी बसायचं. ती थांबली नाही."

"पाणी तापत ठेवलंय," असं काहीतरी बोलून मी घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

रविवारी सकाळी शिरा केला होता, म्हणून वाटी घेऊन गेले. दार उघडंच होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका बाकावर बसले होते, टोकाची जागा मोकळी सोडून, तिच्या अगदी शेजारी. हलक्या आवाजात गीत म्हणत होते. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. पुढची ओळ बायकांची असावी. तेवढा वेळ जाऊ देऊन मग आपली ओळ घ्यायचे.

मला पाहिलं, हसले, पण "बसा" म्हणाले नाहीत. मीही बसले नाही. वाटी हातात धरून गीत संपेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिले आणि मला सगळं उभ्यानंच कळलं.