इनास मास्तरांची उमेदवारी

८ मे १९५६, मंगळवार. सकाळपासून मी मांडवात राजेळी केळी सोलत बसले होते. केळी उन्हात वाळवून सुकेळी करायची तर केळं पुरतं पिकलेलं लागतं, आणि पिकलेलं केळं कोणासाठी थांबत नाही. नेमके तेव्हाच इनास मास्तर आले आणि माझा तासभर गेला.

या मास्तरांना कोणी भेटलं की नमस्कार नाही, चौकशी नाही. थेट प्रश्न, "काय येतं तुला?" एकदा चर्चच्या दारात त्यांनी ताज्या ताज्या नवऱ्या मुलाला अडवून हेच विचारलं. बँड वाजायचा थांबला. मुलगा छाती काढून म्हणाला, "मी बी.ए. आहे."

"ते झालं रे. येतं काय?"

नवरी फिसकन हसली. तिच्या आईने मास्तरांशी पुढे महिनाभर अबोला धरला.

मास्तर वसईच्या हायस्कुलात गणित शिकवायचे, पण खरा जीव त्यांनी सुरू केलेल्या उमेदवारीत. नववीत गेलं की प्रत्येक पोराने एक धंदा निवडायचा: बागाईत, सुतारकाम, शिवण, छापखाना, दवाखाना. शाळेत शनिवारी त्याचे धडे, आणि मेच्या सुट्टीत महिनाभर प्रत्यक्ष कामाला. नियम एकच. घरचा धंदा निवडायचा नाही. सुताराचा पोरगा शिंप्याकडे, शिंप्याचा छापखान्यात. "घरचं तर झोपेतसुद्धा येतं," मास्तर म्हणायचे. त्यामुळे आमच्या वटारच्या वाडीत अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या मुली केळी सोलायला यायच्या, आणि आमच्या वाडीतला पोरगा दवाखान्यात जाऊन पहिल्याच दिवशी रक्त बघून आडवा झाला. मास्तरांनी त्याला पाणी मारून उठवलं आणि परत आत ढकललं. आज तो कंपाउंडर आहे.

आईबाप भांडायला यायचे. एकाचा बाप माझ्यासमोर म्हणाला, "मास्तर, पोराला शाळेत घातला तो हापिसात जायला. रंधा मारायला शाळा कशाला?"

"जाऊ दे ना हापिसात. खुर्ची मोडली तर निदान नीट करील."

मुलांना गुण मिळायचे तसे आम्हा शिकवणाऱ्यांनाही. मास्तर सुट्टीच्या शेवटी वही घेऊन यायचे. पहिल्या वर्षी मला दहापैकी चार मिळाले. शेरा होता, 'काम चोख. बाई शिकवतात कमी, ओरडतात जास्त.' मी म्हटलं, तुम्हाला चहा मिळणार नाही. ते म्हणाले, चालेल, गुण तेच राहतील.

त्या एप्रिलमध्ये मास्तर निवृत्त झाले. शाळेने शाल दिली, नारळ दिला. मास्तर घरी बसले. बसले असं म्हणायचं, खरं तर मी त्यांना दोनदा विहिरीपाशी रिकाम्या हाताने नुसतं उभं राहिलेलं पाहिलं. लग्न केलं नाही. बहीण होती, ती आदल्या वर्षी गेली. असा माणूस कामाशिवाय दोन पावसाळे काढत नाही. माझ्या सासऱ्यांचं मी पाहिलंय.

तर त्या मंगळवारी ते आले आणि समोर उभे राहिले.

"बाई, मी उमेदवारी शोधतोय."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

आठवडाभर फिरले होते म्हणे. प्रथम पेद्रू सुताराकडे गेले. पेद्रू त्यांचाच विद्यार्थी. त्याने स्वतःची खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मास्तरांनी रंधा मागितला तर कानाला हात लावून म्हणाला, "तुमच्याकडून काम करून घेऊ? पाप लागेल मला." शिंप्याने मशीनला हात लावू दिला नाही, वर एका पोराला वारा घालायला बसवलं. शेवटी अर्नाळ्याला जाळी विणणाऱ्या पास्कूकडे गेले. तो म्हणाला, "मास्तर, तुमी बसा, पानी घ्या. जालं आमी इनतो."

"आठवड्यात अकरा कप चहा झाला, बाई. टाका एकसुद्धा नाही."

"दम द्यायचा होता."

"दिला. मग बिस्किटंपण आणली."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. केळ्यांच्या घडांकडे बघत म्हणाले, "पस्तीस वर्षं पोरं कामाला पाठवली. मला कोणी कुठे पाठवलंच नाही. बाप मास्तर, म्हणून मी मास्तर." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही माझ्या हाताखाली शिकला नाहीत. तुम्हाला माझी भीड नाही."

"बिलकुल नाही," मी म्हटलं आणि एक केळं त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते सोललं. म्हणजे सालीबरोबर अर्धं केळं गेलं.

"अहो, हे काय! भाजलेलं वांगं सोलताय का? एवढे गणिताचे मास्तर, अर्धं कुठे गेलं ते सांगा!"

बाजूला सोलत बसलेल्या दोन्ही उमेदवार मुलींनी माना खाली घातल्या. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र जे पसरलं ते मी शाल देताना पाहिलं नव्हतं.

मी अटी सांगितल्या. सकाळी सहाला यायचं. मुलींना उपदेश करायचा नाही. ऊन उतरलं की केळी गरम असतानाच पानांत गुंडाळायची, दव लागलं तर सगळी मेहनत फुकट, तेव्हा गुंडाळून झाल्याशिवाय घरी जायचं नाही.

"आणि जेवणाचं?" त्यांनी विचारलं.

"जेवा इथेच आमच्यात."

"नको, नको." एकदम घाईने म्हणाले. "उमेदवार डबा आणतात. मी डबा घेतलाय, बाई. नवा. मागच्या सोमवारपासून रोज भरून नेतो, पण कोणी उघडूच देत नाही. ताट वाढून पुढे ठेवतात."

"मग आणा डबा," मी म्हटलं आणि सोलायला लागले.

बुधवारी सहाला पाच कमी असताना ते दारात हजर होते, काखेत डबा, बाह्या दुमडलेल्या. मी पुढे होऊन त्यांची बोटं बघितली. नखं वाढलेली. नख लागलं की केळं तिथे काळं पडतं. "कापून या," म्हटलं आणि त्यांना घरी परत पाठवलं.