वानखडे सरांचा पहिला प्रश्न

वानखडे सर नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. "पहिली चोरी कधी केली?" असं विचारतात आणि खिशातून पेन काढतात.

सुरतेच्या पर्वत पाटिया भागात सरांच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. सरांनी हा प्रश्न थेट नवरदेवाच्या बापाला विचारला. त्यांचा लाडू तोंडाजवळच थांबला. घरमालक शेठना विचारलं, तर ते कानांना हात लावून म्हणाले, "अरे साहेब, हुं तो वेपारी माणस छुं!" सर म्हणाले, "मग आठवायला वेळ लागेल. बसा निवांत." दोन्ही वेळा घाम मला फुटला.

सर मूळचे अमरावतीकडचे. कॉलेजातून रिटायर झाले, पण माणूस गुन्हा का करतो हा शोध काही रिटायर झाला नाही. दर गुरुवारी ते तुरुंगात जातात, कैद्यांचे फॉर्म भरून आणतात. प्रत्येक उत्तरावर त्यांचा एकच शब्द, "काहून?" चाकू चालवला, काहून? पळून गेला, काहून? दूधवाला उशिरा आला तरी काहून, आणि त्याचंही उत्तर लिहून घेतात.

मी सातवीत शाळा सुटलेला. इथंच भेस्तानला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होतो. उडालेल्या धोट्यानं बोट गेलं आणि पाठोपाठ काम गेलं. सरांना खानदेशी कैद्यांची अहिराणी कळत नाही. ते कानावर पडेल तसं लिहून आणतात. ते साध्या मराठीत करून द्यायला त्यांनी मला ठेवलं. विद्वानाच्या घरात मी टेबलखुर्चीवर बसतो, हे गावी आईला अजून खरं वाटत नाही. मलाही रोज सकाळी भीती वाटते, की आज सर म्हणतील, "चूक झाली, जा."

भीतीला कारण होतं. पहिल्याच दिवशी सरांनी माझाही फॉर्म भरला. पहिली चोरी? "शाळेची पितळी घंटा. एकट्यानं." काहून? "वाटलं, घंटा नसली तर शाळा भरणार नाही." सर इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. मग विचारलं, "घरातलं कोणी तुरुंगात?"

मी म्हणालो, "नाही."

माझा धाकटा भाऊ प्रकाश याच सुरतेत तुरुंगात होता. मारामारीत समोरच्याचं डोकं फुटलं होतं. सरांना कळलं तर काम जाईल, म्हणून मी त्याला एकदाही भेटायला गेलो नव्हतो.

लूमवर बारा वर्षं काढली, की माणूस ओरडूनच बोलतो. एकदा सुटून आलेल्या कैद्याच्या चाळीत सरांनी मला नेलं. मी आपलं हळूच विचारलं, "दादा, किती वेळा पकडले गेलात?" समोरच्या तिन्ही गॅलऱ्या माणसांनी भरल्या. "गुप्तता, बाप्पा, गुप्तता!" सर मला ओढत जिन्यावरून उतरले. "मी फॉर्मवर नाव टाकत नाही, नंबर टाकतो, अन् तू दवंडी देतोस!"

गेल्या महिन्यात त्यांनी नवा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सगळ्यात वरच्या फॉर्मवर होतं, "पहिली चोरी: शाळानी घंटा. मी एकलाच व्हतू. भाऊ घर जपेल व्हता."

मी एकटाच होतो. भाऊ घरी झोपलेला होता.

मी झोपलो नव्हतो. वाजू नये म्हणून घंटेचा लोलक मुठीत धरून मीच पुढं चाललो होतो. मागून प्रकाश. "भेटायला कोण येतं?" यापुढे होतं, "कोणी नाही." त्या फॉर्मला खालून टाचणीनं दुसरा फॉर्म जोडलेला होता. माझा.

"सर, तुम्हाला कधीपासून माहीत?" माझा आवाज घरभर झाला.

सर चहा गाळत होते. "दुसऱ्या महिन्यापासून. घंटा एक, चोर दोन, अन् दोघंही म्हणतात एकट्यानं! फॉर्म दडवून ठेवला होता. वाटलं, तू सांगशील."

"मग मला काढलं नाहीत?"

"काहून?" ते म्हणाले. या वेळी पेन खिशातच राहिलं.

थोड्या वेळानं चहा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुह्या भावाले विचारायचे प्रश्न तर कधीच संपले. तरी जातो मी दर गुरुवारी. तो घंटेची गोष्ट सांगते, दरवेळी नवी. मले बी घरी कोण सांगते गोष्ट?" मग घसा साफ केला. "हा फॉर्म तुले दाखवायचा नव्हता. नियम मोडला. माही पहिली चोरी म्हणून लिहून ठेव."

गुरुवारी आम्ही दोघं गेलो. जाळीपलीकडे प्रकाश आला, अर्धा झालेला. हळू बोलायचं, हे मी रस्ताभर घोकलं होतं. पण त्याला पाहिलं आणि तोंडातून निघालं, "मी जपेल नव्हतू रे भाऊ!"

सगळी रांग वळून बघायला लागली. शिपाईसुद्धा. सवयीनं मी मान खाली घालून सरांकडे पाहिलं.

सर चष्मा पुसत होते. "गुप्तता" म्हणाले नाहीत.