फणस सरळ चालतो

आमच्या बंदरावर कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, सँडविच आडवं चालतं. बशीसमोर टेबलावर थाप मारायची, की ते घाबरून बाजूला पळतं. गिऱ्हाइकाने पकडून खायचं. म्हणून खोबरेकरांच्या बेकरीतल्या टेबलांना डावी-उजवीकडे लाकडी कठडे आहेत.

गेली दोन वर्षं खाडीतल्या कुर्ल्या पलीकडच्या खाडीत राहायला गेल्या होत्या. सँडविच बंद पडलं, तसं गिऱ्हाईकही. खोबरेकर, म्हणजे शर्वाणीचे बाबा, बेकरी विकायच्या गोष्टी करू लागले. शर्वाणी नुकतीच बी.एस्सी. होऊन घरी आली होती. हाताला खोबरेल चोपडून तिने कोवळा फणस कापला, उकडला आणि त्याचे धागे सोडवले. त्यात नारळाचं घट्ट दूध, मिरी, चिमूटभर तिरफळाची पूड आणि कोकमाचं आगळ घातलं. चव हुबेहूब कुर्लीची. फक्त हे सँडविच चालत नव्हतं.

न चालणारं सँडविच विकायला बंदराच्या पंचांची परवानगी लागते. रविवारी तिघे पंच आले, आणि बघायला दारात लोक जमले. मधोमध अण्णा मोंडकर बसले. त्यांचे हात कापत. पळतं सँडविच त्यांच्या हाती लागून कैक वर्षं झाली होती, पण कोणी धरून दिलेलं ते खात नसत.

अण्णांनी थाप मारली. सँडविच ढिम्म. उरलेल्या दोघांनी मारली. बशी उडाली, सँडविच नाही.

"अगो बाय, फणस कधी चलता काय?" अण्णा म्हणाले. "कुर्ली ती कुर्ली."

"शर्वाणी, जाऊ दे," बाबा पुटपुटले. "बेकरी घेणारा सांगून गेलाय, उद्या येतो म्हणून."

"का जाऊ दे?" शर्वाणी उसळली. "तिघं मिळून धाडधाड बडवताय! कुर्लीला भीती असते, ती पळते. फणसाला कसली भीती? झाडावर असताना कधी पळाला तो तुम्हाला बघून?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता.

"मगे काय करूचा?" अण्णांनी विचारलं.

"बोलवा त्याला. घरी आलेल्या माणसाला बोलावता तसं."

अण्णा खाकरले. कापरा हात त्यांनी टेबलावर उताणा ठेवला. "ये रे बाबा," ते हळूच म्हणाले. "ये. बस."

सँडविच उठलं. कडा सावरून ते सरळ चालत आलं आणि अण्णांच्या तळहातावर येऊन थांबलं.

"आडवां नाय चल्लां," एक पंच म्हणाला. "नियमात बसणा नाय."

अण्णांनी तोवर घास घेतला होता. त्यांचं तोंड भरलेलं होतं. डोळे मिटून ते बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "नियमात न चलणाऱ्यांचो इषय आसा. सरळ चलणाऱ्यांका परवानगी लागता, असा खंय लिवलला नाय."

बाबा आत जाऊन करवत घेऊन आले आणि कठडे कापायला बसले.

"बाय, आणखी एक बोलाव गो," अण्णा म्हणाले.

"तुम्हीच बोलवा. मला कामं आहेत."

अण्णांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून जरा मोठ्याने हाक मारली. आतल्या परातीतली सगळीच सँडविचं उठली आणि एकामागोमाग उंबरा ओलांडू लागली. दारातल्या लोकांनी बाजूला सरून त्यांना वाट दिली.