रावसाहेबांची परवानगी

गुंजाळतात्या आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करायचे आणि सशाला अहो-जाहो. श्रीरामपूरजवळच्या पशुरोग प्रयोगशाळेत मी नवा चिकटलो, त्या दिवशी मला म्हणाले, "ए, सरक तिकडं." मग पिंजऱ्याकडे वळून अदबीनं, "रावसाहेब, परवानगी असावी." कान कुरवाळत त्यांनी शिरेतून चमचाभर रक्त काढलं. रावसाहेब मेथी खात होते.

तात्यांचं काम असं. डुकराचं प्रथिन सशाला थोडं थोडं टोचायचं. काही आठवड्यांत सशाचं रक्त त्याला शत्रू म्हणून ओळखू लागतं. त्या रक्तावर येणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, काचेच्या नळीत घ्यायचं आणि वर अलगद तपासायच्या मटणाचा अर्क सोडायचा. डुकराचं प्रथिन असलं, की मधे पांढरी कडी उमटते. तात्या शेवगावकडचे, शिक्षण सातवी, पण हात सोन्याचा. बाहत्तरचा दुष्काळ होता. आमच्या ताटात पालेभाजी दिसत नव्हती, रावसाहेबांची जुडी मात्र एक दिवस चुकली नाही.

अशात पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. गावठी सीरमवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फसलं तर तात्यांचं काम बंद होणार होतं. साहेबांनी चार नळ्या स्वतः भरल्या. डुक्कर एकाच नळीत होतं, कड्या उमटल्या दोन!

"बंद करा हे. तुमचा ससा बोकडालाही डुक्कर म्हणतोय."

"रावसाहेब खोटं बोलत न्हाईत," तात्या म्हणाले. "सायेब, डुकरानंतर ड्रॉपर धुतला व्हता का?"

साहेबांनी हातातल्या ड्रॉपरकडे पाहिलं आणि घसा खाकरला. नवा ड्रॉपर आला, नव्या नळ्या आल्या. या वेळी कडी एकच, आणि डुकराच्याच नळीत! नोकरी कच्ची आहे हे विसरून मी टाळ्या पिटल्या.

साहेबही खुलले. "शाबास! आता सशाचं सगळं रक्त काढून घ्या. पुण्याला सीरम हवंय." तेव्हा रिवाजच होता तो. तात्या पिंजऱ्याला पाठ लावून उभे राहिले.

"न्हाई सायेब. दर आठवड्याला चमचा-चमचा देईन. पर बायको गेल्यापासनं मी बोलाय लागलो की कान टवकारनारे हे येकच हायेत."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेबांनी पेन उघडून अहवालात लिहिलं, 'ससा ठेवावा.' निघताना ते पिंजऱ्यासमोर वाकले.

"येतो, रावसाहेब. परवानगी असावी."

"दिली म्हनत्यात," तात्या म्हणाले.