फक्कीची मोटार

दारात मोटार नसताना तिच्या चार्जरची योजना किती बारकाईने करता येते, आणि ती मुळात का करावी, या प्रश्नाचे उत्तर मी यंदाच्या उन्हाळ्यात शोधले. त्यासाठी लांब जावे लागले नाही. श्रीरामपुरात माझ्या कुंपणापलीकडे शमुवेल साळवे एकटेच राहतात. एका सकाळी पाहतो तर त्यांच्या रिकाम्या अंगणात एक मोटार उभी होती, आणि ती चुन्याच्या फक्कीची होती.

शाळेच्या मैदानावर आखतो तशी आखलेली. चार चाके, दोन आरसे, दारे उघडायला लागणारी जागा, सगळे मापात. साळवे साखर कारखान्यातले निवृत्त वायरमन. अंदाजपंचे काही करणे त्यांच्या स्वभावातच नाही. वाऱ्याने रेषा पुसट झाली की पहाटे ते ती पुन्हा ओढत. तिच्यावरून चालायला सर्वांना मनाई होती. दूधवाला एकदा विसरला, तेव्हा साळवे इतक्या कळवळून म्हणाले, "आरं, बॉनेटवर पाय दिला की राव!" की त्या बिचाऱ्याने खाली वाकून जमिनीवर हात फिरवला. त्यानंतर तो भिंत आणि मोटार यांच्या फटीतून अंग चोरून जाऊ लागला.

पंधरा दिवसांत मीही वळसा घालू लागलो. आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे लिहिताना संकोच वाटतो. पण झाले ते असे.

मग साळव्यांनी भिंतीलगत खड्डा खणला. तोंडाला अरुंद, खोलीला पुरुषभर. त्यात त्यांनी कोळसा आणि मीठ यांचे थर घातले. समोरच्या शिंदेकाकूंनी मला फाटकाशी गाठले.

"सर, कोळसा, मीठ, पांढरं रिंगन. आन् रोज दिवस मावळताना त्यात पानी वततोय मानूस. दर रविवारी चर्चला जानारा हाय तो. ही करनी त्याला कुनी शिकवली?"

मी त्यांना अर्थिंग समजावून सांगितले. बिघाड झाल्यास विजेला जमिनीत जायला वाट हवी. कोळसा आणि मीठ त्या वाटेची ओल धरून ठेवतात. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले.

"व्हय. पर गाडी कुटं हाय?"



मे महिन्यातल्या एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी खिडकीशी आलो आणि थबकलो. साळव्यांच्या मीटरवरचा तांबडा ठिपका भराभर लुकलुकत होता. घरात पंखासुद्धा फिरत नव्हता. आणि फक्कीच्या बॉनेटमधून वाफ निघत होती.

चौकटीत, पुढच्या आसनांच्या जागी, दोन खुर्च्या होत्या. डावीकडच्या खुर्चीवर इस्त्रीचा सदरा घातलेले साळवे बसले होते. उजवीकडची रिकामी होती. ते तिच्याशी बोलत होते.

"हळू घे. मागं पेरूचं झाड हाय." एखाद्याने उत्तर द्यावे एवढा वेळ ते थांबले. मग मान हलवली. "दमली असशील. आता लई टाइम हाय."

खिडकी लावून घ्यावी असे वाटले. तरीही, निरीक्षण अर्धवट सोडू नये असे मुलांना सांगत आलो होतो, म्हणून मी कुंपणापाशी गेलो. वाफेचा उगम बॉनेटच्या जागी ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात होता. त्यात पाणी तापवायचे दोन रॉड सोडलेले होते.

"लोड टेस्ट, सर," साळवे जागचे न उठता म्हणाले. "दोन रॉड, तीन किलोवॅट. सकाळी आठपास्नं चालू हाय. लोड आल्याबिगर वायर बोलत न्हाई. हात लावून बगा." वायर जेमतेम कोमट होती.

"आणि ती खुर्ची?"

"डायवरची," ते म्हणाले, जणू प्रश्नच वेडगळ होता.

त्यांची मुलगी एस्तेर पुण्यात असते. तिने विजेची मोटार घेतली आहे, हे मला ठाऊक होते. आई गेल्यापासून दोन वर्षे ती सकाळी येई आणि तीनच्या आत निघे. "चार्जिंग, पप्पा. वाटेत सुप्याला गाडी लावावी लागते." या दोन वर्षांत ती त्या घरात एकदाही झोपली नव्हती.

मी माझ्या परीने मदत केली. बॅटरी तीस युनिटची. साळवे बसवत होते त्या तीन किलोवॅटच्या पॉइंटवर दहा तास लागतील. सात किलोवॅटचा चार्जर घेतल्यास चार तासांहून थोडे अधिक. सुवाच्य अक्षरात मांडून कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"सर, गनित बरोबर हाय. पर मला मोठं उत्तर पायजे."

मला उलगडेना.

"या खेपंला तिला सांजच्या पाचला बोलावलंय. तुमच्या चार्जरनं गाडी रातच्या नवाला भरंल," साळवे म्हणाले. "नवाला ती निघंल."

जूनमधल्या एका शनिवारी, पाचच्या सुमारास, मी झाडांना पाणी घालत होतो. कोणताही आवाज आला नाही. मान वर केली तेव्हा फक्कीच्या जागी पांढरी मोटार उभी होती, चारही चाके रेषांवर, बोटभरही इकडेतिकडे नाही. क्षणभर मला वाटले, आखलेलीच उठून उभी राहिली. मग दार उघडून एस्तेर उतरली. तिने वायर जोडली, गाडीतल्या पडद्यावर वेळ पाहिली आणि तडक कुंपणाशी आली.

"सर, दहा तास दाखवतंय! घरी पॉइंट आहे म्हणून सुप्याला थांबलेच नाही. याहून फास्ट चार्जर बसत नव्हता का? पप्पा म्हणतात, सरांना विचार."

तिच्यामागे साळवे वायर हातात धरून उभे होते. माझ्याकडे मुळीच पाहत नव्हते.

विज्ञानाच्या प्रश्नाला मी तोवर कधी जाणूनबुजून चुकीचे उत्तर दिले नव्हते.

"या मीटरवर एवढाच बसतो," मी म्हणालो.

तिने गाडीकडे, मग घराकडे पाहिले. "म्हणजे राहावंच लागणार. पप्पा, मम्मीच्या खोलीतली गादी आहे का अजून?"

"हाय की. रोज उनात टाकतो."

ती आत गेली. खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला. साळव्यांनी वायरीवरून हळूच हात फिरवला.

"बोलती, सर," ते म्हणाले.

चार्जर निवडताना माझ्या त्या उत्तरावर कोणी विसंबू नये. मीटरचा मंजूर भार बिलावर छापलेला असतो. वाचकांनी तो कृपया स्वतः पाहून घ्यावा.