सडपातळ अस्वलीचं पान

एका जंगलात, मुलांनो, एक प्रश्न होता आणि त्याला कुणीच उत्तर देत नव्हतं. "आपलं सगळ्यांचं झाल्यावर ताई काय जेवते?"

विचारणारा होता ढब्बू अस्वल. तो शाळेत एकदाच गेला आणि गुरुजींचा खडू खाऊन परत आला. आई गेल्यापासून थोरल्या बहिणीकडे, मोहाताईकडे राहायचा.

"दाजी, ताई काय जेवते?"

"बायका जेवतात काहीतरी," ताईचा नवरा म्हणाला. "तू फणस घे."

"जेवताना बडबडू नये," ताईच्या सासूबाई म्हणाल्या.

"आधी तुझं संपव रे, वेड्या," ताई म्हणाली.

त्या घरचा रिवाजच तसा होता. आधी नर जेवणार, बायका वाढणार. उरेल ते मागच्या पंगतीला. ताईची चिमुरडी लेक चिकूसुद्धा वाढायला शिकली होती.

अशात जंगलात आरोग्याची लाट आली. तळ्यावरून सारस मॅडम आल्या. त्यांच्या पायांवर मांसच नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

"भगिनींनो," मॅडम एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या, "स्वतःसाठी वेळ काढा! पहाटे तळ्याला फेऱ्या मारा. कोमट पाण्यातून मध घ्या. रात्री हलकं जेवा."

ताईने वेळ काढला. झोपेतूनच काढला, दुसरीकडे तो शिल्लक नव्हता. घर आवरून ती तळ्याला फेऱ्या मारू लागली. उंच झाडावर चढून मध आणू लागली. मध दाजींना फार आवडला. ताईला कोमट पाणी उरलं. आणि रात्रीचं जेवण? ते तर पहिल्यापासूनच हलकं होतं.

ताई भराभर बारीक झाली. मॅडमनी तिला 'सडपातळ सखी' हा किताब दिला. गळ्यात हार घातला, तो खांद्यांवरून घसरून पायात पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ढब्बू उठून ओरडला, "अहो मॅडम, अस्वल आहे ती! तिला चक्कर येते!"

"सुरुवातीला येतेच," मॅडम गोड हसल्या. "शरीर शुद्ध होत असतं."

दुसऱ्याच दिवशी ताई मधासाठी झाडावर चढली. वर तिला चक्कर आली. ती पडली, ती उठलीच नाही.

दहाव्याला सगळे नदीकाठी जमले. ताईच्या नावाने पान मांडलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, म्हणून दाजींची पंगत वाढलेल्या पानांवर खोळंबून बसली.

"गेलेलीला काय आवडायचं?" भटजी वानराने विचारलं. "तेच वाढा."



"तिला काहीही चालायचं हो," दाजी म्हणाले.

ढब्बूलाही सांगता येईना. तोही पहिल्याच पंगतीचा.

मग सगळंच वाढलं. मोहाची फुलं, जांभळं, फणसाचे गरे, मध. कावळ्याने पान पाहिलं आणि मान फिरवली.

दाजींनी हात जोडले. "तुझ्या नावाने दरवर्षी आरोग्य शिबिर भरवू!"

कावळा आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

तेव्हा ढब्बूने पान उचललं.

"अरे, अरे! उचलायचं नसतं ते!" भटजी किंचाळले.

"तो जेवत नाही ना? मग भुकेलेल्याला देतो."

मागे चिकू रिकामा द्रोण घेऊन उभी होती. सकाळपासून तीच वाढत होती. ढब्बूने पान तिच्यापुढे ठेवलं.

"चिकू, तुला काय आवडतं?"

तिने आधी आजीकडे पाहिलं. मग म्हणाली, "उरेल ते, मामा."

 ढब्बू पंगतीकडे तोंड करून, दात विचकून तिच्यापुढे बसला.

"आज काही उरणार नाही. खा."

चिकूने घाबरत घाबरत एक गरा तोंडात टाकला. मग दुसरा. मग सगळेच संपवले. वरून कावळा मान वाकडी करून बघत होता.

"मामा," ती हळूच म्हणाली, "अजून आहेत?"

ढब्बू उठला. दाजींच्या पानातले सगळे गरे त्याने ओंजळीत घेतले आणि चिकूला वाढले.

तात्पर्य : बायांनो, तब्येतीला जपा. पहाटे उठा, फेऱ्या मारा, कोमट पाणी प्या, हलकं जेवा. भरलेलं पान हवंच असेल, तर दहाव्यापर्यंत धीर धरा.