एका बोटाचं झाकण

भाऊ परब कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. पाण्याचा तांब्या हातात दिला तर तो तसाच धरून समोरच्या दाराकडे, खिडकीकडे, नाहीतर कपाटाकडे जातात. ते अर्धं उघडतात, हात काढून घेतात आणि मान वाकडी करून बघत राहतात. दार हललं नाही तर "रवता" म्हणतात आणि बसतात. हललं तर "पडता" म्हणतात, आणि मग चहा संपेपर्यंत त्यांचं कुणाच्याच बोलण्याकडे लक्ष नसतं.

भाऊ आमचे शेजारी. तारकर्लीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये माडांची एक रांग आणि एक विहीर, एवढंच. त्यांची सगळी नोकरी पुण्यात लॅपटॉपचे भाग करणाऱ्या एका कंपनीत झाली. गावी परत आले तेव्हा दुकानावर कुणीतरी विचारलं, "भाऊ, कम्पुटर बनयलात म्हणतत?"

"कम्पुटर नाय. तेची बिजागरी."

"आनी?"

"आनी काय? बिजागरी."

दुकान हसलं. तेव्हापासून ते बिजागरी परब. त्यांना राग येत नाही. म्हणतात, "नुसते परब गावात बक्कळ आसत."

लॅपटॉपच्या चांगल्या बिजागरीचं लक्षण त्यांनी मला समजावून सांगितलं आहे. झाकण एका बोटाने उघडलं पाहिजे, आणि उघडताना खालचा भाग उचलला जाता कामा नये. शिवाय बोट काढाल तिथेच ते थांबलं पाहिजे. बिजागरी सैल केली तर झाकण पडतं. घट्ट केली तर एका बोटाला दाद देत नाही. "ह्येच्यातच माझो जल्म गेलो गो सुमन," असं म्हणून ते माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, आणि भाऊंना ऐकणारं माणूस हवंच असतं.

एकदा मी पडवीत तिसऱ्या कापत बसले होते. भाऊंनी एक शिंपली उचलली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "बघ गो, देवान कशी बिजागरी घातल्यान! खिळो नाय, स्क्रू नाय!" चुलीवर माझं वाटण करपलं तरी ते उठले नाहीत. जाताना चार तिसऱ्या खिशात घालून गेले. दुसऱ्या दिवशी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, विहिरीवर भेटल्या. "काल ह्यांच्या खिशात काय घातलंस गो? मांजर रातभर शर्टावर निजला!"

माझ्या नणंदेच्या मुलीसाठी मुलगा बघायला आम्ही कुडाळला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून भाऊंना नेलं होतं. सगळे मुलाला प्रश्न विचारत होते आणि भाऊ नव्या लोखंडी कपाटाशी उभे. त्यांनी दार अर्धं उघडून सोडलं. ते हळूच फिरत आलं आणि मुलाच्या मामांच्या कपावर आपटलं. चहा मामांच्या धोतरावर. भाऊ शांतपणे म्हणाले, "पोरगो बरो आसा. कपाट बदला."

लग्न झालं. कपाटही बदललं म्हणे.

भाऊ गावी आले त्याच वर्षी वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, डाव्या हातातही बळ राहिलं नाही. बोटं तेवढी हलायची. बोलणं शाबूत होतं. त्यांचा मुलगा संदेश कॅनडात. संध्याकाळी तो लॅपटॉपवर यायचा. लॅपटॉप खाटेजवळच्या स्टुलावर असे आणि भाऊ झाकण उघडून देत. नुसतं झाकण उघडलं की संदेश समोर येईल अशी सोय त्याने करून ठेवली होती.

वहिनींना सगळ्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागे. त्याची त्यांना लाज वाटायची. एकदा माझ्यापाशी म्हणाल्या, "झिलाचा तोंड तरी कोणाक न सांगता बघूक मिळाला असता!"

भाऊंनी ते ऐकलं. आणि लॅपटॉप खोलला.

दुपारी खिडकीत उजेड असतो, म्हणून ते खिडकीकडे तोंड करून बसत. म्हणजे वहिनींकडे पाठ. सैल करून बघत, घट्ट करून बघत. आमच्याकडचं वारं खारं, बिजागरीतल्या चकत्यांना गंज धरे, की पुन्हा पहिल्यापासून. मी पेज घेऊन जायचे तेव्हा वहिनी म्हणायच्या, "बघ गो, घोव घरातच आसा, पण पाठमोरो." मग त्यांना हाक मारायच्या, "अवो, तुमीच उघडून दिलात तर काय होता?"

"झालाच. वायच रव," भाऊ मान न वळवता म्हणायचे.

असे कितीतरी महिने गेले. शेवटी एका दुपारी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. लॅपटॉप स्टुलावर ठेवला होता. वहिनींनी कुशीवरूनच एक बोट झाकणाला लावलं. झाकण हळूहळू वर आलं. खालचा भाग जागचा हलला नाही. अर्ध्याच्या थोडं पुढे, जिथे त्यांच्या डोळ्यांसमोर पडदा आला, तिथे त्यांनी बोट काढलं. झाकण थांबलं.

"रवला!" भाऊंनी टाळीच वाजवली.

वहिनींनी आधी झाकणाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बरी झाली हा," त्या म्हणाल्या. "पण तुमी उघडूक येय होतास, तेवां तरी माझ्याकडे वाकय होतास."

भाऊ हसायला गेले, पण हसले नाहीत. स्क्रू आवळायचा पाना हातात घेऊन विहिरीकडे गेले.

पुढच्या आठवड्यातच वहिनी गेल्या.

लॅपटॉप अजून त्याच स्टुलावर आहे, खाटेकडे तोंड करून. झाकणही वहिनींनी शेवटचं सोडलं त्याच कोनात. मी एकदा धूळ पुसायला गेले तर भाऊ धावत आले. "नको गो. तिना ठेवल्यान तसा रवांदे."

परवा संध्याकाळी तिसऱ्यांचं सुकं घेऊन गेले, तर आतून संदेशचा आवाज येत होता. भाऊ खुर्चीत बसले होते.

"बाबा, तुम्ही दिसतच नाही. नुसती शर्टाची बटणं दिसतायत. पडदा जरा मागे करा ना."

एक बोट लावलं असतं तरी पुरे होतं.

"रव," भाऊ म्हणाले. ते उठले, चष्मा सारखा केला आणि वहिनींच्या खाटेवर जाऊन आडवे झाले. कुशीवर, वहिनी निजायच्या तसेच.

"आता?"

"आता दिसताय. पण झोपलात का? बरं नाही वाटत का?"

"बरो आसंय रे. हयसून तू बरो दिसतस."

मी आत गेले नाही. भांडं पडवीत ठेवलं आणि अर्धवट उघडलेलं दार तसंच सोडलं. दाराचं पुढे काय झालं, ते बघायला भाऊंनी मान वळवली नाही.